आळीच्या अर्जाला उत्तर हवे

नागपूरहून इटारसीकडे निघालेली आगगाडी पांढुर्णे सोडून सातपुड्याची चढण चढू लागते, त्या वाटेवर तिगाव नावाचे स्थानक लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात आले. पांढुर्णा आणि सौसर हा मराठी मुलूख मात्र मध्य प्रदेशातच राहिला. घरी मराठी बोलायचे आणि सरकारदरबारी अर्ज हिंदीतून करायचा, हे तेव्हापासून तिगावकरांच्या अंगवळणी पडले आहे. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि जिल्ह्याच्या कामासाठी छिंदवाड्यापर्यंत घालावा लागणारा हेलपाटा संपला. इतक्या दूरच्या गावाचा विषय गोव्यातील वृत्तपत्राने अग्रलेखात का काढावा, असे वाचक विचारतील. त्याचे कारण असे की, रस्ता, गटार वा दिवा मागण्यासाठी कायद्याने जी जागा तिगावच्या ग्रामस्थाला दिली आहे, ती पणजीच्या अथवा म्हापशाच्या नागरिकाला दिलेली नाही.

ही जागा म्हणजे ग्रामसभा. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद असतो. शाळेपुढचा रस्ता उखडला आहे, हे तो सरपंचाच्या तोंडावर, चार गावकऱ्यांच्या साक्षीने सांगू शकतो, आणि ते इतिवृत्तात नोंदवा असा आग्रहही धरू शकतो. ग्रामसभेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. कित्येक ठिकाणी गणसंख्येअभावी ती तहकूब होते, कित्येक ठिकाणी ती केवळ सह्यांपुरती भरते, हे आमच्या गोमंतकातही सर्वांस ठाऊक आहे. तथापि विचारण्याचा हक्क आणि विचारण्याची जागा या दोन्ही गोष्टी तेथे कायद्याने आहेत.

शहराचे तसे नाही. त्याच वर्षी १ जूनपासून ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. परंतु तिने प्रभाग समित्यांची सक्ती केली ती ३ लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना. २०११ च्या जनगणनेत पांढुर्णा नगराची वस्ती सुमारे ४५ हजार होती आणि पणजी महानगरपालिकेच्या हद्दीतील वस्ती सुमारे ४० हजार. म्हणजे ही सक्ती ना पांढुर्ण्याला लागू, ना आमच्या राजधानीला. महाराष्ट्राने २००९ साली क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात घातली खरी, पण ती बहुतांशी कागदावरच राहिली. परिणामी शहरातील रहिवाशाच्या हाती उरतो तो अर्ज, आणि अर्जाला बळ यावे म्हणून नगरसेवकाची शिफारस.

या अर्जाची वाटचाल कोणत्याही नगरपालिकेत सारखीच असते. पंचवीस-तीस रहिवासी सह्या करतात. आवक विभागात शिक्का बसतो. अर्ज अभियंत्याकडे जातो, त्यावर ‘पाहणी करून अहवाल द्यावा’ असा शेरा पडतो. पाहणी झाली की नाही, हे सह्या करणाऱ्यांना कळत नाही. पावसाळा येतो, आचारसंहिता येते, आर्थिक वर्ष संपते. पुढच्या वर्षी तोच अर्ज नव्या तारखेने पुन्हा लिहिला जातो. अर्ज मराठीत असो, हिंदीत असो वा कोकणीत; नगरपालिकेचे मौन सर्व भाषांत सारखेच असते.

हे मौन कायद्याला मान्य नाही, हा निर्णय मध्य प्रदेशातल्याच एका नगरपालिकेच्या खटल्यात झाला आहे. रतलाममधील न्यू रोड भागातील रहिवासी उघडी गटारे, रस्त्यावर वाहणारी घाण, मद्यार्काच्या कारखान्याचे सांडपाणी आणि शौचालयांचा अभाव यांनी हैराण झाले होते. नगरपालिका दाद देईना, तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमाखाली ते उपविभागीय दंडाधिकाऱ्यांपुढे गेले. दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेला योजना आखून उपद्रव दूर करण्याचा आदेश दिला. सत्र न्यायालयाने तो फिरवला, उच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पैसा नाही, हा नगरपालिकेचा बचाव होता. २९ जुलै १९८० रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी तो फेटाळला. कायद्याने लादलेले प्राथमिक कर्तव्य तिजोरीतील खडखडाटाकडे बोट दाखवून टाळता येणार नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा नव्या नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तेथे हीच तरतूद १५२ व्या कलमात कायम आहे.

पण एका गटारासाठी रहिवाशांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे, ही काही राज्यकारभाराची रीत नव्हे. ज्याच्यापाशी वकील आणि वेळ आहे त्यालाच न्याय, असा त्याचा अर्थ होईल.

नगरपालिकांची बाजूही ऐकली पाहिजे. प्रत्येक मागणी मान्य करण्याजोगी असतेच असे नाही. गतिरोधकाचेच उदाहरण घ्या. अपघात झाला की आळीतून पहिली मागणी येते ती गतिरोधकाची, आणि लोकक्षोभ शमवण्यासाठी रातोरात डांबराचा उंचवटा घातलाही जातो. भारतीय रस्ते काँग्रेसने १९८८ साली घालून दिलेल्या मानकाप्रमाणे गतिरोधक सुमारे ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटीमीटर उंच, अशा सौम्य कमानीचा असावा लागतो. रातोरात उभे राहिलेले उंचवटे या मापात क्वचितच बसतात. त्यावरून दुचाकीस्वार पडतो आणि आजाऱ्याला नेणारी रुग्णवाहिका अडखळते. अशा वेळी ‘नाही’ म्हणणे हेच नगरपालिकेचे कर्तव्य ठरते. शिवाय रस्ता जनतेला एकच दिसत असला तरी त्याचे धनी अनेक असतात. तिगावात लोहमार्गाचा प्रश्न निघाला तर पंचायतीला रेल्वेकडेच बोट दाखवावे लागेल. आमच्याकडेही एक रस्ता पालिकेचा, दुसरा सार्वजनिक बांधकाम खात्याचा, तर एकेरी वाहतुकीचा निर्णय मोटार वाहन कायद्याखालील अधिकाऱ्यांचा. हे सर्व आम्हांला मान्य आहे. आमचे म्हणणे इतकेच की, नकार असेल तर तो कारणासह लेखी द्यावा. काम दुसऱ्या खात्याचे असेल तर अर्ज तिकडे पाठवून तसे अर्जदारांना कळवावे. मौन हे यांपैकी कशाचेच उत्तर नाही.

येथे कायद्यातील एक विसंगती नमूद करणे अगत्याचे आहे. लोकसेवा ठरावीक मुदतीत देण्याचा कायदा देशात सर्वप्रथम मध्य प्रदेशाने २०१० साली केला. गोव्याने २०१३ साली आणि महाराष्ट्राने २०१५ साली तसे कायदे केले. परंतु हे कायदे मुख्यतः एकट्या व्यक्तीला हव्या असलेल्या दाखल्यांसाठी आणि परवान्यांसाठी आहेत. एका माणसाला जन्माचा दाखला अमुक दिवसांत मिळावा हे ठरले. मात्र साऱ्या आळीला हव्या असलेल्या पदपथाबद्दल तिला किती दिवसांत उत्तर मिळावे, हे ठरलेले नाही. एकट्याचा हक्क मानायचा आणि शेजाऱ्यांनी मिळून केलेली मागणी ही विनवणी समजायची, हे उफराटे आहे.

पुण्याने या दिशेने एक प्रयोग केला. २००६ साली पुणे महानगरपालिकेने अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेण्यास आरंभ केला. पदपथ, दिवे, बाके, बसथांबे अशी आपल्या भागातील लहान कामे नागरिकांनी छापील अर्जावर सुचवायची, क्षेत्रीय कार्यालयाने त्यांची छाननी करायची आणि मंजूर झालेल्यांसाठी तरतूद करायची, अशी ही पद्धत. एकूण अंदाजपत्रकाच्या मानाने ही रक्कम लहानच राहिली, आणि दिलेल्या सूचनेचे पुढे काय झाले ते समजत नाही, अशी नागरिक संघटनांची तक्रारही राहिली. पण या तक्रारीतूनच धडा मिळतो. मागण्याची सोय करणे हे निम्मे काम झाले. उत्तर देण्याची शिस्त लावणे हे उरलेले निम्मे.

ही शिस्त न लावल्याची किंमत मोठी आहे. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात रस्त्यांवरील खड्ड्यांनी १४,९२६ माणसांचे बळी घेतले, या आकडेवारीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तीव्र चिंता व्यक्त केली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू आल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. या बळींपैकी कित्येकांच्या खड्ड्याविषयी कोठल्या तरी कार्यालयात आधीच एखादा अर्ज पडून असेल, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

यावर उपाय खर्चिक नाही. रस्ते व वाहतुकीसंबंधीच्या प्रत्येक सामुदायिक अर्जाला क्रमांक द्यावा आणि त्यांची यादी पालिकेच्या फलकावर लावावी. महिन्याभरात अभियंत्याने अर्जदारांसमक्ष जागेची पाहणी करावी आणि होकार वा नकार कारणासह कळवावा. कामांचा क्रम शाळा, दवाखाना, पादचाऱ्यांची वर्दळ आणि घडलेले अपघात पाहून ठरवावा, आणि ती कसोटी आधीच जाहीर करावी. वर्षातून दोनदा प्रत्येक प्रभागात नागरिकांची सभा घेऊन या यादीचा हिशेब द्यावा. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही; पालिकेचा एक साधा ठराव पुरेसा आहे.

पणजी महानगरपालिकेने आणि राज्यातील नगरपालिकांनी येत्या अंदाजपत्रकापूर्वी असा ठराव करावा, अशी आमची सूचना आहे. तिगावचा शेतकरी भरसभेत उभा राहून जे विचारू शकतो, ते विचारण्यासाठी राजधानीतल्या नागरिकाला नगरसेवकाचा उंबरठा झिजवावा लागू नये.