प्रोव्होचा आठवडा

ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या अविवाहित विद्यार्थ्याचा आठवडा तीन ठिकाणी आखला जातो: विद्यापीठाच्या वेळापत्रकात, चर्चच्या वॉर्डात आणि भाड्याच्या खोलीच्या करारात. हे विद्यापीठ अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीपासून साधारण 70 किलोमीटर दक्षिणेला, प्रोव्हो या शहरात आहे. मागे डोंगराची भिंत आहे. तिच्यावर 1906 साली विद्यार्थ्यांनी माणसांची रांग लावून, हातोहात माल चढवून काढलेलं पांढरं 'वाय' हे अक्षर 380 फूट उंच आहे आणि गावातून जवळपास कुठूनही दिसतं. 1875 मध्ये शाळा म्हणून सुरू झालेल्या या संस्थेची मालकी चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सकडे, म्हणजे सगळं जग ज्यांना मॉर्मन म्हणून ओळखतं त्यांच्याकडे आहे. विद्यार्थी 35,000च्या आसपास आहेत आणि जवळजवळ सगळे याच पंथाचे. पंथाच्या सदस्याला फी इतरांच्या साधारण निम्मी पडते.

अभ्यासाचा हिशेब क्रेडिटमध्ये होतो. दर क्रेडिटमागे आठवड्याला तीन तासांचं काम धरलेलं असतं, म्हणून 15 क्रेडिट घेणाऱ्याचे 45 तास कागदावरच संपतात. त्यावर बहुतेकांची छोटी-मोठी नोकरी असते. पहाटे चार-पाचला उठून वर्गखोल्या झाडणारी-पुसणारी मुलं त्याच खोल्यांत नऊला वही उघडून बसतात. विषय कुठलाही असो, पदवीसाठी धर्माचे 14 क्रेडिट सक्तीचे आहेत. इंजिनिअरिंगच्या मुलालाही 'बुक ऑफ मॉर्मन' या धर्मग्रंथाचा पेपर द्यावा लागतो आणि त्यात नापास होता येतं.

परीक्षेची व्यवस्था मात्र खास इथली. पूर्वी ग्रंथालय असलेल्या 1925 सालच्या एका इमारतीत सगळ्या विद्यापीठाचं मिळून एकच परीक्षाघर आहे. प्राध्यापक पेपर तिथे ठेवून देतात आणि तो तीन-चार दिवस 'उघडा' राहतो. त्या मुदतीत विद्यार्थ्याने आपल्या सोयीने जाऊन तो सोडवायचा. सवलत मोठी वाटते, पण विद्यार्थ्याच्या आठवड्याची घडी विस्कटते ती इथेच. पहिल्या दिवशी अभ्यास झालेला नसतो, दुसऱ्या दिवशी नाचाचा सराव असतो, तिसऱ्या दिवशी कुणाला तरी भेटायचं कबूल केलेलं असतं. शेवटच्या दिवशी इमारतीबाहेर रांग लागते आणि उशीर केल्याबद्दल बहुतेक वेळा वर पैसेही मोजावे लागतात. आत मोठ्या दालनात शेकडो मुलं शेजारी-शेजारी बसलेली असतात, कुणी रसायनशास्त्र सोडवतंय, कुणी इतिहास. बाजूच्याचं बघून लिहिण्यात अर्थच उरत नाही. बहुपर्यायी पेपर असेल तर जिना उतरून दाराशी येईपर्यंत गुण पडद्यावर झळकतात. तिथे थबकलेल्यांचे चेहरे पाहिले की निकाल वेगळा विचारावा लागत नाही.

मंगळवारी सकाळी 11 वाजून 5 मिनिटांनी वर्ग भरत नाहीत, कार्यालयंही बंद होतात. मॅरियट सेंटर या सुमारे 18,000 खुर्च्यांच्या बास्केटबॉल स्टेडियममध्ये त्या वेळी 'डिव्होशनल' म्हणजे प्रवचन असतं. कधी चर्चचे वरिष्ठ बोलतात, कधी गणिताचे एखादे प्राध्यापक. हजेरी घेत नाहीत, त्यामुळे निम्मी मुलं हा तास झोपेला देतात, हेही सर्वांना ठाऊक आहे.

आता खोलीचा करार. नव्या अविवाहित विद्यार्थ्याने सुरुवातीची सत्रं विद्यापीठाने मान्य केलेल्या घरातच राहायचं, ही अट आहे. मुलांच्या आणि मुलींच्या सदनिका वेगळ्या असतात. भिन्नलिंगी पाहुणा दिवाणखान्यात आणि स्वयंपाकघरात बसू शकतो, झोपायच्या खोलीत नाही. रात्री बाराला त्याने उठायचं, शुक्रवारी दीडपर्यंत सूट. पण कराराचं खरं वजन दुसरीकडेच आहे. पत्त्यावरून वॉर्ड ठरतो. वॉर्ड म्हणजे या पंथाची स्थानिक मंडळी. प्रोव्होत अविवाहित तरुणांचे वेगळे वॉर्ड असतात, एखाद-दोन गृहसंकुलांचा मिळून एक. चर्च निवडण्याची पद्धतच नाही. घर घेतलं की चर्च आलं, आणि त्याच्याबरोबर दीडेकशे समवयस्क शेजारीही. घर शोधताना मुलं भाडं आणि अंतर याइतकीच 'वॉर्ड कसा आहे?' ही चौकशी करतात, आणि तिचा अर्थ बहुधा धार्मिक नसतो.

या वॉर्डात प्रत्येकाला काहीतरी काम मिळतं. कुणी रविवारी गाण्याला हाताने ठेका देतो, कुणी खाण्याच्या समितीवर असतो, कुणी धडा शिकवतो. सोमवारची रात्र घरच्यांसाठी राखून ठेवायची, असं चर्चने 1970 मध्ये ठरवलं. त्यामुळे सोमवारी संध्याकाळी विद्यापीठात कार्यक्रम ठेवत नाहीत. घर दूर असलेल्या विद्यार्थ्यांनी मग काय करायचं? वॉर्ड त्यांची कुटुंबं बनवून देतो. मुलांची एक सदनिका आणि मुलींची एक, असं मिळून एक 'कुटुंब'. काही वॉर्डांत त्यातल्या दोघांना 'आई' आणि 'बाबा' नेमतात, तेही गंभीरपणे. एक प्रार्थना, दहा मिनिटांचा धडा, काहीतरी खेळ आणि शेवटी ब्राउनी. ही ब्राउनी बुडाला करपलेली आणि मध्ये कच्ची असते. विद्यार्थ्यांच्या ओव्हनमधून दुसरं काही येत नाही. वीस-एकवीस वर्षांची ही 'भावंडं' पुढे एकमेकांशी लग्नही करतात, आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नाही.

नाचाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कडक धर्मनियम आणि नाच एकत्र नांदतात हे अमेरिकेतही सगळीकडे खरं नाही. टेक्सासमधल्या बेलर या बॅप्टिस्ट विद्यापीठाने आपल्या आवारात पहिला नाच होऊ दिला तो 1996 मध्ये. मॉर्मनांचं तसं नव्हतं. 1846 मध्ये इलिनॉयमधून परागंदा होऊन बैलगाड्यांनी पश्चिमेकडे निघालेल्या या लोकांबरोबर बँड होता आणि रात्री शेकोटीभोवती ते नाचत. 1847 साली त्यांचे नेते ब्रिगहॅम यंग यांना झालेला साक्षात्कार म्हणून जे वचन ते मानतात, त्यात आनंदाच्या वेळी गाण्याबरोबर नाचाचंही नाव आहे. सॉल्ट लेक सिटीत 1853 मध्ये त्यांनी नाच-नाटकांसाठी सोशल हॉल खुला केला. तेव्हाच्या पुढाऱ्यांचा राग वॉल्ट्झवर होता. जोडीने कवेत घेऊन गोल फिरण्यापेक्षा चौकटीत उभं राहून केलेले नाच बरे, असं त्यांचं मत होतं. आज तोच वॉल्ट्झ विद्यापीठात क्रेडिट घेऊन शिकतात. चर्चच्या इमारतीतही प्रार्थनेच्या दालनामागे बास्केटबॉलच्या आखणीचा मोठा हॉल असतो. दोन्हींमधला दुमडता पडदा सरकवला की गर्दीच्या रविवारी तिथे खुर्च्या मांडतात. शनिवारी रात्री त्याच फरशीवर नाच झालेला असतो.

'सोशल डान्स'चा प्राथमिक वर्ग रिचर्ड्स इमारतीत भरतो. फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, चा-चा आणि स्विंग हे त्यातले मुख्य धडे. मुलं आतल्या वर्तुळात, मुली बाहेरच्या. शिक्षिकेच्या गालाशी माइक. मुलाचा उजवा पंजा मुलीच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर, बोटं मिटलेली, कोपर उचललेलं. हे कोपर दोन मिनिटांत खाली येतं आणि सगळी पकडच ढिली पडते. पाऊल चुकण्यापेक्षा कोपर पडणं वाईट, कारण मुलीला पुढची दिशा कळते ती त्या हाताच्या ताणातून. फॉक्सट्रॉटचा ठेका 'स्लो, स्लो, क्विक-क्विक'. नवशिक्या मुलाचे ओठ तो मोजत हलत असतात आणि नजर बुटांवर. तीन-चार मिनिटांनी हुकूम येतो, 'जोड्या बदला'. मुली एक घर पुढे सरकतात. नाव विचारायचं, गाव विचारायचं, विषय विचारायचा, की पुन्हा बदल. तासाभरात मुलगा वर्गातल्या बहुतेक मुलींबरोबर नाचलेला असतो, घामेजल्या हातांसकट. नकार देण्याचा किंवा निवड करण्याचा प्रश्न येत नाही. लाजऱ्या माणसासाठी याहून सोयीची व्यवस्था कुणी केली असेल असं वाटत नाही.

यापुढे दोन वाटा फुटतात. एक गावातल्या कंट्री स्विंगच्या रात्रींकडे जाते. तिथे ठरलेली पावलं नाहीत, गिरक्या, झोके आणि जोडीदाराला उचलून उलटं करण्याच्या कसरती आहेत. दुसरी स्पर्धेकडे. विद्यापीठाच्या बॉलरूम चमूने इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या सामूहिक नृत्यस्पर्धा अनेकदा जिंकल्या आहेत. चमूत शिरलेल्याचा आठवडा मग सरावाभोवतीच फिरतो आणि बाकी सगळं उरलेल्या फटींत बसवावं लागतं.

भेटीगाठींना इथे 'डेट' म्हणतात, पण तिची व्याख्या बाहेरच्यापेक्षा काटेकोर आहे. पूर्वी याच विद्यापीठाचे अध्यक्ष असलेले चर्चचे ज्येष्ठ नेते डॅलिन ओक्स यांनी 2005 मध्ये तरुणांसमोर तक्रार केली, की मुलं घोळक्याने नुसती एकत्र बसतात, डेटवर जात नाहीत. त्यांनी डेटच्या तीन खुणा सांगितल्या: आधी ठरवलेली, खर्च उचललेली आणि जोडीजोडीने केलेली. पहिली डेट स्वस्त असली तरी चालते. 'वाय'पर्यंतची चढण दोन किलोमीटरची आणि जवळपास 300 मीटर उंचीची आहे. दम लागल्यामुळे बोलणं आपोआप कमी होतं. दारू नाही, चहा-कॉफी नाही. चहावर लग्नं जुळवणाऱ्या मराठी माणसाला हे अवघडच वाटेल. त्यांच्या जागी आइस्क्रीम आहे आणि कोल्यात नारळाचं सिरप व क्रीम घालून विकणारी सोड्याची दुकानं आहेत. विद्यापीठाच्या आवारात तर कॅफीन असलेला कोलासुद्धा 2017 पर्यंत विकत नसत.

दोन-चार डेटनंतर 'डीटीआर' येतो, म्हणजे आपलं नातं नक्की काय आहे हे ठरवण्याची बैठक. ही बहुधा गाडी उभी करून गाडीतच होते, कारण घरात खोलीतले सोबती असतात आणि बारा वाजत आलेले असतात. लग्नाआधी शरीरसंबंध नाही, हा नियम लेखी आहे आणि प्रवेश घेताना त्यावर सही केलेली असते. तरुण मुलगे दोन वर्षांचं मिशन, म्हणजे धर्मप्रचाराचं काम, करून एकविशीच्या आगेमागे परत येतात. त्यांना एखादी परकी भाषा येत असते, कोट वापरून मऊ झालेला असतो आणि लग्न हे पुढचं पाऊल असल्याचं सगळ्यांनी सांगितलेलं असतं. म्हणून ओळखीपासून साखरपुड्यापर्यंतचं अंतर महिन्यांत मोजतात. पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी साधारण चौथा हिस्सा विवाहित असतो. 'वसंताआधी अंगठी' हा इथला जुना विनोद आहे, आणि तो सगळ्यांनाच हसवतो असं नाही.

काहींना या व्यवस्थेत जागाच नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. विद्यापीठात भरणाऱ्या राष्ट्रीय हौशी नृत्यस्पर्धेत समलिंगी जोड्यांना नाचता येईल, असं जाहीर झालं. त्याच महिन्यात आचारसंहितेतून समलैंगिक वर्तनाबद्दलचं कलम काढलं गेलं. विद्यार्थ्यांनी उघड आनंद केला. मार्चच्या सुरुवातीला खुलासा आला, की समलिंगी प्रेमसंबंधांची मनाई कायम आहे.

रविवारी सगळं थांबतं. ग्रंथालय बंद, परीक्षाघर बंद, आणि विद्यापीठाचा कुठलाही संघ रविवारी खेळत नाही. राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेच्या आयोजकांना त्यांचे सामने त्या हिशेबाने बसवावे लागतात. उपासना 2019 पासून तीनऐवजी दोन तासांची आहे. विद्यार्थ्यांच्या पुष्कळ वॉर्डांची उपासना विद्यापीठाच्या व्याख्यानगृहांतच होते. पांढऱ्या कापडाने झाकलेलं प्रभुभोजनाचं टेबल फळ्यासमोर मांडलेलं, समोर पायऱ्या-पायऱ्यांची बाकं. आधी भाकरीचे तुकडे, मग अंगठ्याएवढ्या पेल्यांतलं पाणी, ताटल्या हातोहात ओळीतून सरकतात. पाद्री नाही, पगारी कुणीच नाही. प्रवचन वॉर्डातलीच दोन-तीन मुलं करतात, त्यांना आठवडाभर आधी सांगितलेलं असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपास असतो. त्या दिवशी व्यासपीठ खुलं असतं आणि ज्याला वाटेल त्याने उठून साक्ष द्यायची. शांततेत कुणाचं तरी पोट गुरगुरतं आणि दोन ओळी खाली मान घालून हसतात.

वॉर्डाचा प्रमुख असलेला बिशप म्हणजे गावातलाच एखादा संसारी वकील किंवा दंतवैद्य, बिनपगारी. त्याच्यापुढे कबुली द्यायची आणि दरवर्षी विद्यापीठात राहण्यासाठी लागणारं शिफारसपत्रही त्याच्याकडूनच घ्यायचं. एकाच माणसाकडे हे दोन्ही असल्यामुळे काही मुलं पहिल्या कामासाठी त्याच्याकडे जातच नाहीत.

एप्रिलच्या शेवटी पेपर संपतात आणि करारही. गाद्या, भांडी, नाचाचे बूट गाडीत भरून बरेच जण चार गल्ल्या पलीकडच्या स्वस्त सदनिकेत जातात. वॉर्डातलं काम सुटतं, सोमवारचं कुटुंब विखुरतं. सदस्याची नोंद नव्या पत्त्याच्या वॉर्डाकडे जाते आणि पहिल्याच रविवारी नवा बिशप हात पुढे करून नाव विचारतो.