परसातल्या मातीखालचा गॅस

आमच्या परसात, कढीलिंबाच्या झाडापासून वीस पावलांवर जमिनीचा थोडा उंचवटा आहे. त्यावर मातीचा थर, मातीवर हरळी आणि मधोमध वर आलेली एक नळी. पाहुणे विचारतात, "इथं काय पुरलंय?" मी म्हणते, "आमची चूल पुरलीय!"

ती आहे गोबर गॅसची घुमटाची टाकी. ती बांधून आता चौथे वर्ष चालू आहे. या चार वर्षांत काय साधले, काय चुकले आणि कोठे जिवावर बेतता बेतता राहिले, ते शेतकरी भगिनींना सांगावे म्हणून हे लिहिते.

पहिला अनुभव कडूच होता

खरे तर आमच्या घराला गोबर गॅस नवा नव्हता. मामंजींनी १९८२ साली लोखंडी ड्रमची टाकी बांधली होती. त्या वेळी सरकारची राष्ट्रीय बायोगॅस योजना नुकतीच सुरू झाली होती आणि गावोगाव अशा टाक्या होत होत्या. मी १९८५ साली लग्न होऊन आले तेव्हा निळ्या ज्योतीवरचा चहा मला फार नवलाचा वाटला. माहेरी आम्ही फुंकणीने डोळे लाल करीत होतो.

पण ड्रमला दर वर्षी रंग लावावा लागे. दोन वर्षे रंग राहिला आणि पत्र्याला भोके पडली. गॅसमध्ये गंधकाचा अंश असतो, शिवाय पाणी. लोखंड टिकणार कसे? पुढे ट्रॅक्टर आला, बैल विकले, शेण कमी झाले. ड्रम भंगारात गेला आणि खड्ड्यावर फरशा टाकून आम्ही तो विसरलो. मग सिलिंडर आला. चुलीच्या धुरातून सुटका झाली खरी, पण पाण्याला आणि जनावरांच्या आंबोणाला चूल पेटतच राहिली. सासूबाईंचा खोकला काही थांबेना.

म्हणून धाकटे भाऊजी पुन्हा गोबर गॅसचे बोलू लागले तेव्हा सासूबाई तडकून म्हणाल्या, "एकदा ठेच लागली ती पुरे नाही का?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही आठ दिवस विचार केला आणि आधी हिशेब मांडला.

आधी दावण मोजा, मग खड्डा खणा

शेणाच्या एका किलोपासून साधारण चाळीस लिटर गॅस मिळतो. दोन घनमीटरच्या टाकीला रोज पन्नास किलो ताजे शेण लागते. एक गाय दिवसाला सुमारे दहा किलो शेण देते, म्हैस त्याहून जास्त. म्हणजे चार-पाच मोठी जनावरे दावणीला हवीत, आणि तीही गोठ्यात बांधलेली. रानात चरायला जाणाऱ्या जनावराचे निम्मे शेण रानातच पडते, ते हिशेबात धरू नये. आमच्याकडे दोन म्हशी, दोन संकरित गायी आणि एक कालवड होती. पाच-सात माणसांच्या स्वयंपाकाला दोन घनमीटर पुरते, म्हणून तोच आकार धरला.

टाकी पूर्ण चालली तर महिन्याला पावणेदोन सिलिंडरांइतकी आच मिळते असा कागदावरचा हिशेब आहे. थंडीत ती बरीच कमी होते. म्हणून सिलिंडर घरात ठेवावाच. कोणी सांगेल की सिलिंडर परत करा, तर ऐकू नका.

ज्यांच्याकडे एक गाय आणि दोन शेळ्या आहेत, किंवा रोज सकाळी शेण कालवायला घरात माणूस नाही, त्यांनी अनुदान मिळते म्हणून टाकी बांधू नये. गावोगाव ज्या टाक्या बंद पडल्या, त्यांतल्या बऱ्याच शेणाअभावी पडल्या, बांधकामाच्या दोषाने नव्हे.

घुमटाची टाकी

या वेळी आम्ही 'दीनबंधू' नमुन्याची टाकी घेतली. हा नमुना १९८४ साली निघाला. त्यात लोखंडी ड्रम नसतो. सगळे बांधकाम विटांचे, आकार गोल घुमटाचा आणि सारे जमिनीखाली. गॅस घुमटात साठतो आणि खालचे शेणपाणी ढकलून बाहेरच्या कुंडीत चढवतो. आपण शेगडी पेटवली की कुंडीतले शेणपाणी परत खाली उतरते आणि त्याच्या दाबाने गॅस नळीतून येतो. हलणारा भाग एकही नाही, म्हणून गंजण्याचे भय नाही.

शेण आत साधारण चाळीस दिवस राहिले पाहिजे. पन्नास किलो शेण आणि तितकेच पाणी म्हणजे रोजचे शंभर लिटर, चाळीस दिवसांचे चार हजार लिटर. त्या मापाने आमचा खड्डा साडेनऊ फूट रुंद आणि सहा फुटांहून थोडा खोल झाला. हजारावर विटा आणि चौदा पोती सिमेंट लागले.

जागा निवडताना या गोष्टी पाहा:

पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर निदान पन्नास फूट लांब असावी.

जागा गोठ्याजवळ आणि स्वयंपाकघरापासून फार दूर नसावी. नळी लांबली की दाब कमी होतो.

दिवसभर ऊन लागावे आणि जवळ मोठे झाड नसावे. मुळ्या विटांत शिरतात.

पावसाचे पाणी साचणारी जागा नको.

आमची जमीन काळी. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तशा मातीत घुमटाला तडा जाण्याची भीती असते. म्हणून गवंड्यांनी तळाला खडीचा थर दिला आणि भिंतीच्या भोवती काळ्या मातीऐवजी मुरूम भरून चोपला. घुमटावरही मातीचा भार हवाच, नाहीतर आतल्या दाबाने तो उचलू पाहतो.

घुमट बांधणे हे साध्या गवंड्याचे काम नव्हे. ज्याने अशा टाक्या बांधल्या आहेत आणि ज्याच्या टाक्या चालू आहेत, असाच गवंडी शोधावा. आम्ही तीन गावांत जाऊन चालू टाक्या पाहिल्या, घरच्या बायकांना विचारले, आणि मगच ठरवले. आतल्या गिलाव्याला जरा घाई झाली तर गॅस केसाएवढ्या भेगेतूनही निसटतो. बांधकामाला दोन आठवडे पाणी मारले. ते काम माझ्याकडे होते.

अनुदानाची रक्कम वेळोवेळी बदलते. पंचायत समितीत कृषी विभागाकडे आधी चौकशी करावी आणि मंजुरी मिळाल्यावरच कुदळ मारावी.

त्या दिवशी देवानेच राखले

आता जी गोष्ट सांगते, ती घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

नवी टाकी बांधताना मामंजींचा जुना खड्डा बुजवायचे ठरले. फरशा काढल्या. आत कमरेइतका जुना गाळ होता. दोरीने गाळ काढताना एक घमेले आत पडले. माझा पुतण्या अठरा वर्षांचा, अंगात रग. "आत्ता काढतो" म्हणत त्याने शिडी लावली आणि दोन पायऱ्या उतरलाही. गवंडी म्हातारे होते. त्यांनी धावत येऊन त्याची बंडी धरली आणि वर ओढले. मुलगा रागावला. गवंडी म्हणाले, "घमेलं दोनशे रुपयांचं आहे बाळा."

आम्हांला तेव्हा त्यात काही विशेष वाटले नाही. पुढे एप्रिल २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावची बातमी आली. शेणाचा गाळ साठलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एक उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. ती बातमी वाचून माझ्या जाऊबाई मुलाला जवळ घेऊन किती वेळ बसल्या होत्या.

असे का होते? गोबर गॅसमध्ये निम्म्याहून अधिक मिथेन असतो आणि बाकी बहुतेक कर्बवायू. कर्बवायू हवेहून जड, तो खड्ड्याच्या तळाशी बसतो. तेथे श्वासाला प्राणवायू नसतो. गाळ ढवळला की विषारी वायूही सुटतो. माणूस दोन-चार श्वासांत बेशुद्ध होतो, हाक मारायलाही अवधी मिळत नाही. मग वरचा माणूस मायेपोटी उतरतो आणि तोही जातो.

म्हणून टाकीत, तिच्या कुंडीत किंवा जुन्या खड्ड्यात कोणीही, कशासाठीही उतरू नये. विहिरीत दिवा सोडून पाहण्याची आपली जुनी रीत येथे मुळीच चालत नाही, कारण हा गॅस पेट घेतो. गाळ काढायचा तर वरून पंपाने काढावा. कोणी आत पडलेच तर अग्निशमन दलाला बोलवावे, मागोमाग उडी घेऊ नये. बाहेरच्या कुंडीवर भक्कम फरशा असाव्यात. घरात लहान मुले असतातच.

पहिली ज्योत

पहिल्या भरणाला दोन टनांवर शेण लागले. आम्ही आधीपासून साठवले, शेजारच्या दोन गोठ्यांतून आणले, आणि काडीकचरा काढून पाण्यात कालवून भरले. चालू टाकीतली चार घमेली मळी विरजणासारखी घातली. त्याने काम लवकर सुरू होते.

बाराव्या दिवशी नळीला गॅस आला, पण शेगडी पेटेना! शेजारी हसले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा बोलत होता. गवंड्यांनी सांगितले होते, पहिल्या गॅसमध्ये कर्बवायू फार आणि नळीत हवा असते, तो सोडून द्यावा, जवळ विस्तव आणू नये. तसे दोनदा केले. सतराव्या दिवशी निळी ज्योत धरली. त्यावर पहिले दूध तापवले, ते सासूबाईंनी.

लक्षात ठेवा, काडी लावायची ती शेगडीवरच. टाकीच्या नळीच्या तोंडाशी कधीही नाही. शेगडीही गोबर गॅसचीच हवी, सिलिंडरच्या शेगडीचे छिद्र या गॅसला लहान पडते. सांधे गळतात का ते साबणाच्या फेसाने पाहावे. नळीत पाणी साचते, ते आठवड्याला तोटीतून काढावे, नाहीतर ज्योत उचक्या देते.

रोज सकाळी शेण आणि पाणी सारखे घेऊन कालवायचे, खडे-माती काढायची आणि सोडायचे. अर्धा तास लागतो. फिनेल आणि साबणाचे पाणी आत जाऊ देऊ नये, शेण आंबवणारे जीव मरतात. थंडीत आम्ही कोमट पाणी घालतो.

खत हे खरे उत्पन्न

गॅस वापरूनही शेणाचे खत कमी होत नाही. उकिरड्यावर उन्हाने नत्र उडून जाते, टाकीत ते टिकते, आणि तणाचे बीही पुष्कळसे मरते. मळी आम्ही पाटाच्या पाण्याबरोबर उसाला देतो, उरलेली खड्ड्यात पालापाचोळ्यात मुरवतो. ह्यांचे म्हणणे, टाकीचे पैसे गॅसने नव्हे, खताने फेडले.

संडास टाकीला जोडावा की नाही यावरून मात्र आमच्याकडे अजून वाद आहे. देहूचे डॉ. मापुसकर यांनी हेच काम आयुष्यभर केले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पण सासूबाईंच्या हयातीत तो विषय काढायचा नाही, असे आम्ही जावाजावांनी ठरवले आहे.

त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. अंघोळीचे पाणी अजून चुलीवर तापते, पण स्वयंपाकघरात धूर नाही. खोकला पूर्ण गेला असे म्हणणार नाही, रात्री झोप मात्र लागते. परवा शेजारची सून टाकी पाहायला आली, तेव्हा त्याच तिला सांगत होत्या, "आधी दावणीला किती जनावरं आहेत ते सांग, मग बोल."