नवीन बाई गटात येते ती कशानं?

आज बोलायचंय ते गटात नवीन सभासद आणण्याबद्दल. गावोगाव बैठकीला गेलं की एक तक्रार हमखास कानावर येते. "ताई, आमचा गट जुना, हिशोब चोख, बँकेत नाव चांगलं. पण नवीन कुणी येतच नाही. दहा होतो, एक म्हातारी वारली, एक लेकाकडं पुण्याला गेली. आता आठच राहिलो." बचत गट दहा ते वीस जणींचा असावा, असा नियम आहे. अपंग बायांचा गट असेल तर पाच जणी चालतात. तेव्हा आठवर आलेल्या गटाला काळजी वाटणारच.

अशा वेळी आम्ही समन्वयक बाया त्यांना उलटा प्रश्न विचारतो. मागच्या वर्षभरात तुमच्या गटानं गटाबाहेरच्या बाईसाठी काय केलं? बहुतेक ठिकाणी सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघतात.

आता जरा त्या बाहेरच्या बाईच्या नजरेनं बघा. तिला गट कसा दिसतो? कुणाच्या तरी ओसरीवर बाया गोल करून बसल्यात, मधे वही, नोटा मोजणं चाललंय. तिला वाटतं, हे पैसेवाल्यांचं काम. आपल्याकडं शंभर रुपये सुटत नाहीत, आपण कशाला जायचं? तुम्ही दवंडी द्या, फलक लावा, मेळावा घ्या, ती येत नाही. मेळाव्याला येते ती, जी तशीही आलीच असती.

दशसूत्री आपण बैठकीत म्हणतो. त्यातली पहिली पाच सूत्रं पैशाची आणि शिस्तीची : नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. पुढची पाच आरोग्याची, शिक्षणाची, पंचायतीची, शासकीय योजनांची आणि कायमच्या रोजगाराची. बरेच गट पहिल्या पाचांवरच थांबतात. नवीन बाईचं दार मात्र या पुढच्या पाचांत आहे, असं आमचं मत आहे, आणि ते गावकाम करता करता झालेलं आहे.

एक उदाहरण देतो. गावात कुणाचा नवरा वारला. आपण भेटायला जातो, भाकरी नेतो, रडतो. ते करावंच. पण गटातल्या दोघींनी आणखी एक काम अंगावर घ्यावं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत केली तर ती मोफत होते. त्यापुढं गेलं की दंड आणि कागद लागतात, आणि वर्ष उलटलं तर तहसील-प्रांतापर्यंत हेलपाटे. दुखवट्याच्या घरात तेराव्यापर्यंत कुणाला शुद्ध नसते, मग पाहुणे पांगतात, आणि दिवस निघून जातात. तो एक दाखला नसला की पुढं सगळं अडतं : वारसाची नोंद, रेशनकार्डातला बदल, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज.

दुसरं, त्या माणसाचं बँकेचं पासबुक भरून आणायचं आणि मे महिन्याच्या शेवटीच्या ओळी वाचायच्या. ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो जीवनज्योती विमा. माणूस कशानंही गेला तरी वारसाला दोन लाख मिळतात. २० रुपये कापलेले असले तर सुरक्षा विमा, तो अपघाताचा. कितीतरी घरांत बँकेतल्या साहेबांनी सही घेतलेली असते आणि घरात कुणाला पत्ताच नसतो. कापलेले नसले तर नसले, पण बघितल्याशिवाय कळणार कसं? ज्या बाईबरोबर तुम्ही बँकेच्या काउंटरवर दोन तास उभ्या राहिलात, तिला गट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

दारातलं सांडपाणी हे असंच काम. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा, मधे भोकं पाडलेली टाकी, भोवती दगड; झाला शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यात यातून गावंच्या गावं गटारमुक्त झाली. रोजगार हमीतून याला पैसे मिळू शकतात, ते ग्रामसेवकांना विचारावं. पण गटानं पहिला खड्डा कुणाच्या दारात घ्यावा? अध्यक्षबाईंच्या नाही. वस्तीच्या कडेला जिचं घर आहे, जिच्या दारातून सगळ्यांचं पाणी वाहतं, तिच्या दारात.

पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली तीन तालुक्यांत सुरू झाली, वरुड, कोरेगाव आणि आपला अंबाजोगाई. श्रमदानाला ज्या गावांतून बाया निघाल्या, तिथं एक गोष्ट दिसली. टिकाव-घमेलं हातात आलं की कोण कुठल्या आळीची, हे थोडा वेळ तरी बाजूला पडतं. घमेली हातोहात द्यावीच लागतात ना. ओसरीवरच्या बैठकीत जी उंबऱ्याबाहेर उभी राहते, ती बांधावर ओळीत उभी असते.

इथंच एक कटू बोलून घेतो. गावकाम म्हणजे फुकटचं काम नव्हे. अलीकडं कुणी मोठा माणूस येणार असला की निरोप येतो, "गटाच्या बाया पाठवा, एका रंगाच्या साड्या नेसून." शाळा झाडायची, गटाच्या बाया. सभेला गर्दी हवी, गटाच्या बाया. दिवसाची मजुरी बुडवून जायचं, आणि वर फोटो दुसऱ्याचा. अशा कामांना नाही म्हणायला शिकलं पाहिजे. कारण नवीन बाई हेही बघत असते. गटात गेलं की दर आठवड्याला कुणाच्या तरी सभेला बसावं लागतं, असं तिच्या मनात बसलं तर ती फिरकणार नाही. काम कोणतं घ्यायचं हे गटानं बैठकीत ठरवावं, वहीत लिहावं, आणि जे ठरलं नाही त्याला आमची सवड नाही म्हणून सांगावं.

आता बोलवायचं कुणाला आणि कसं? सोपी वेळ म्हणून बरेच गट संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नव्या सभासद गोळा करतात. वाण देतात, दोन शब्द बोलतात. पण त्या हळदीकुंकवाला कोण नसतं, याचा विचार करा. विधवा बाई नसते. टाकलेली नसते. म्हणजे जिला गटाची सगळ्यांत जास्त गरज, तिलाच आपण पहिल्या पायरीवर वगळलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यानंतर राज्यातल्या इतर गावांनीही केले. ठराव होईल तेव्हा होवो. आपल्या गटाचं वाण सगळ्यांना द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. तिळगूळ द्या, नाव घेऊन आत बोलवा, मधल्या जागेवर बसवा. पहिल्या वर्षी कुजबुज होते. होऊ द्यावी.

नवीन सुनेचं वेगळं असतं. तिला बोलवायचं तर आधी सासूशी बोलावं लागतं. एका घरातून एकच सभासद, हा नियम आहे. तेव्हा सासू गटात असेल तर सून दुसऱ्या घरची होईपर्यंत वाट बघणार का? तिनं गावकामात यावं, हिशोब लिहायला शिकावं. सासूचा हात थकला की तिच्या जागी सून, असं कितीतरी गटांत सुखानं झालंय.

आणि आलेल्या बाईकडून पहिल्याच दिवशी पैसे घेऊ नयेत. दोन-तीन बैठका नुसतं बसू द्यावं. कर्ज कोण मागतं, कसं ठरतं, हप्ता चुकला तर काय बोलतात, हे तिला ऐकू द्यावं. तिलाही गट पसंत पडायला हवा की!

एवढं झालं तरी गाडी अडते ती पुढच्या ठिकाणी, आणि याबद्दल कुणी मोकळं बोलत नाही. जुन्या सभासदांचे पैसे साठलेले असतात; नवीन बाई शंभर रुपये घेऊन येते. "आमच्या सहा वर्षांच्या घामात ती वाटेकरी होणार का?" हा प्रश्न खोटा नाही. पाटी-पेन्सिल घेऊन बसा, सांगतो.

गटात अकरा जणी आहेत. महिना शंभर रुपये बचत, सहा वर्षं. म्हणजे ७२ महिने, प्रत्येकीचे ७,२०० रुपये. व्याजातून खर्च जाऊन गटाला नफा झाला २२,०००. प्रत्येकीच्या वाट्याला २,०००. एकीचे एकूण झाले ९,२००. आता बारावी येतेय. काही गट म्हणतात, आधी ९,२०० भर. गरीब बाई तिथूनच परत जाते. काही गट म्हणतात, ये, सगळं सारखं वाटू. मग दोन वर्षांनी भांडण होतं आणि गट फुटतो.

यातून वाट अशी. ती येण्याच्या आदल्या बैठकीत हिशोब बंद करायचा. प्रत्येक जुन्या सभासदाच्या नावावर ९,२०० रुपये खतावणीत आणि तिच्या पासबुकात लिहायचे, ठराव करायचा, सह्या-अंगठे घ्यायचे. त्या दिवसापासून नफा डोक्यावर नाही, रुपयावर वाटायचा. वर्षभरानं जुन्या प्रत्येकीचे झाले १०,४००, नवीन बाईचे १,२००. सगळे मिळून १,१५,६००. समजा त्या वर्षी नफा झाला ११,५६०. म्हणजे रुपयाला दहा पैसे. जुन्या प्रत्येकीला १,०४०, नवीनला १२०. कुणाचं कुणाला गेलं नाही. नव्या बाईचे पैसे महिन्यामहिन्यानं आले, म्हणून अगदी काटेकोर हिशोब केला तर तिचा वाटा पन्नासेक रुपयांनी कमी भरेल. तो फरक अकरा जणींत वाटला तर एकीला पाच रुपयेही येत नाहीत. तेवढ्यासाठी लेखापालबाईचं डोकं खाऊ नये.

बँकेच्या कर्जाचं वेगळं बघायचं. कर्ज घेताना सगळ्या सभासद आपसातला करारनामा करतात. जुनं कर्ज चालू असताना नवीन बाई आली तर त्या कर्जाची जबाबदारी तिच्यावर नाही, असं ठरावात स्पष्ट लिहावं, आणि ठरावाची प्रत बँकेत द्यावी. पुढचं कर्ज घेताना तिची कागदपत्रं आणि सही लागेलच.

गटात वीस जणी झाल्या असतील तर ओढून-ताणून एकवीसावी घेऊ नये. नव्या बायांचा वेगळा गट करावा, आणि जुन्या गटातल्या एकीनं पहिले काही महिने त्यांच्या बैठकीला जाऊन वही लिहायला शिकवावं. नियमित बैठका-व्यवहार सहा महिने चालले की तो गटही बँकेच्या दारात उभा राहू शकतो.

राहिल्या ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणी. "त्या सहा महिने गावात नसतात, त्यांना कसं घेणार?" असं म्हणून त्यांना सरळ सोडून दिलं जातं. दसऱ्यानंतर कोयते बाहेर पडतात, ते उन्हाळ्यात परत. पण उचल मिळते ती निघायच्या आधी. त्याच वेळी सहा महिन्यांची बचत, शंभरानं सहाशे, आगाऊ भरून घ्यावी आणि तिच्यासमोर पासबुकात लिहावी. त्या काळातल्या बैठकांचा दंड लावू नये. तसा नियम वहीत आधीच करून ठेवावा, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवणार नाही. तिकडं फडावर लेकरू आजारी पडलं, पैसे लागले, तर फोनवरून कर्ज मागता आलं पाहिजे, आणि फोन कुणाला करायचा ते नाव तिला माहीत हवं. परत आल्यावरची पहिली बैठक त्यांच्या सवडीनं ठेवा. दुपारी नको, त्या घर सारवत नाहीतर रोजगाराला गेलेल्या असतात. रात्री जेवणं आटोपल्यावर ठेवा, आणि त्यांच्या वस्तीवर ठेवा.