'साँग सायकल' आणि समीक्षकांची पसंती

अमेरिकन गीतकार-गायक व्हॅन डाइक पार्क्स यांची 'साँग सायकल' ही पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने १९६७ च्या अखेरीस प्रसिद्ध केली. समीक्षकांनी तिला गौरविले आणि ग्राहकांनी तिच्याकडे पाठ फिरविली, एवढेच तिच्याविषयी बहुधा सांगितले जाते. या कथनात समीक्षक जाणता व श्रोता अजाण असा निवाडा गृहीत धरलेला असतो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मुळात या कृतीची जात कोणती, हीच पहिली अडचण होती. तीत रॅगटाइम, ब्लूग्रास, जुन्या संगीतिकांतील गाण्यांचा थाट आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद हे केवळ शेजारीशेजारी मांडलेले नसून एकाच गीताच्या ओघात ते एकमेकांत शिरतात. आरंभी स्टीव्ह यंग यांच्या आवाजातील एका लोकगीताचा तुकडा ऐकू येतो व तो विरताच रँडी न्यूमन यांनी रचलेले 'व्हाइन स्ट्रीट' हे गीत सुरू होते. म्हणजे नवोदित गीतकाराच्या ध्वनिमुद्रिकेतील पहिला आवाज त्याचा नाही आणि पहिले गीतही त्याचे नाही! पुढील गीतांत ठेका फार काळ स्थिर राहत नाही. शब्दही अर्थापेक्षा नादसाम्य व श्लेष यांच्या बळावर पुढे सरकतात. रॉक संगीताचा श्रोता ज्या दोन आधारांवर विसंबतो, ते दोन्ही येथे काढून घेतलेले आहेत.

नेमके हेच समीक्षकांना मोलाचे वाटले. 'क्रॉडॅडी' हे नियतकालिक १९६६ मध्ये व 'रोलिंग स्टोन' नोव्हेंबर १९६७ मध्ये निघाले. पॉप संगीत गंभीर चिकित्सेस पात्र आहे, हे त्या तरुण समीक्षेला सिद्ध करावयाचे होते, आणि अशा वेळी हा पुरावा आयताच हाती आला. शिवाय ब्रायन विल्सन यांच्या 'स्माइल' या तेव्हा अपुऱ्या राहिलेल्या प्रकल्पाचे गीतकार म्हणून पार्क्स यांच्याविषयी कुतूहल होतेच. त्यामुळे प्रशंसेचा काही भाग प्रत्यक्ष कृतीपेक्षा तिच्यातून सूचित होणाऱ्या शक्यतेला उद्देशून होता, असे म्हणावे लागते. उलट, श्लेषांच्या अतिरेकाने काही गीतांतील भाव गुदमरतो, हा दोष श्रोत्यांच्या उदासीनतेने अधिक नेमका हेरला होता.

कंपनीच्या जाहिरातीने तर ही दरी पक्कीच केली. वर्षातील श्रेष्ठ ध्वनिमुद्रिकेवर आपण ३५,५०९ डॉलर गमावले, असे स्टॅन कॉर्निन यांनी जाहिरातीतून मिस्किलपणे जाहीर केले आणि झिजलेली प्रत पाठविणाऱ्यास दोन नव्या प्रती देऊ केल्या. पैकी एक मित्राला शहाणे करण्यासाठी! पार्क्स यांना हा विनोद मुळीच रुचला नाही. अपयशच येथे विक्रीचे भांडवल झाले होते.

१९७२ च्या 'डिस्कव्हर अमेरिका' मध्ये पार्क्स त्रिनिदादच्या कॅलिप्सोकडे वळले. 'साँग सायकल'चे खरे ग्रहण पुढे संगीतकारांनीच केले. जोआना न्यूसम यांच्या २००६ मधील 'ईस' या ध्वनिमुद्रिकेची वाद्यवृंदरचना पार्क्स यांचीच आहे, आणि तेथे तो वाद्यवृंद गाणाऱ्या आवाजाला वाट करून देतो.