हवापालट : गाव उंच हवे की कोरडे?

निवृत्तीनंतर अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरची धूळ आणि गर्दी सोडून एखाद्या डोंगरावरच्या गावी राहायला जावे, असे अनेकांना वाटते. घरात दम्याचा रुग्ण असला की हा विचार अधिकच बळावतो. गंमत अशी की, एकेकाळी मुंबईकर हवापालटासाठी याच उपनगरांत येऊन राहत! मात्र चार दिवसांची सहल वेगळी आणि बारा महिन्यांचा मुक्काम वेगळा.

डोंगराची हवा हेच औषध, हा समज क्षयरोगाच्या जुन्या काळातला आहे. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल एअर आरोग्यधाम स्थापन केले, तेव्हा क्षयावर गुणकारी औषध नव्हते. विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा एवढाच उपचार होता. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. पुढे १९५९ साली मद्रास येथील अभ्यासाने दाखवून दिले की, औषधे नियमित घेतली तर रुग्ण घरी राहूनही तितकाच बरा होतो. म्हणून हवापालटाच्या भरवशावर क्षयाची औषधे कधीही थांबवू नयेत.

दम्याचे काय? स्वित्झर्लंडमधील दावोससारख्या उंच गावी दमेकऱ्यांना आराम पडतो, कारण तेथील कोरड्या हवेत अंथरुणातील सूक्ष्म किडे जगत नाहीत. आपल्या सह्याद्रीत उंची आहे, पण पावसाळ्यात कोरडेपणा नाही. महाबळेश्वर सुमारे १,३७२ मीटर उंचीवर आहे, आणि तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भिंतींना ओल येते, कपड्यांना बुरशी लागते. ही बुरशी दमेकऱ्याची वैरीण. पाचगणी तेथून अवघी अठरा-एकोणीस किलोमीटर. पण डोंगराच्या आडोशाला असल्याने तेथे पाऊस बराच कमी. म्हणजे उंचीपेक्षा ओल किती, हे आधी पाहावे.

दुसरी गोष्ट चढ-उताराची. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारी नेता येत नाहीत. त्यामुळे धूर नाही. परंतु पायवाटांवर उन्हाळ्यात लाल धूळ उडते. गुडघेदुखी किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी रोजच्या चालण्याचा विचार करावा. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. मात्र फुप्फुसे फार निकामी झालेल्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुक्काम हलवू नये.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे रात्रीची सोय. मध्यरात्री छातीत दुखू लागले, तर प्राणवायू आणि हृदयतपासणीची सोय असलेले रुग्णालय किती वेळात गाठता येईल? घाटात दरड कोसळली तर दुसरा रस्ता आहे का? नेहमीची औषधे गावात मिळतात का? ही चौकशी घर पाहण्यापूर्वी करावी.

यावर सोपा उपाय असा : उपनगरातील जागा लगेच विकू नये. निवडलेल्या गावी प्रथम भाड्याने राहावे, आणि तेही मे महिन्यात नव्हे, तर जुलै-ऑगस्टमध्ये. पावसाळाभर श्वास मोकळा राहिला, झोप नीट लागली आणि वेळेला डॉक्टर मिळाला, तर ते गाव आपल्याला मानवले असे समजावे.