समाजमाध्यमावरील अल्पपरिचय : वाहनप्रेमी खात्याचे उदाहरण

प्रस्तावना

अर्ज, जाहिरात, निवेदन यांच्याबरोबरच उपयोजित मराठीत आता समाजमाध्यमावरील अल्पपरिचयाचाही विचार करावा लागतो. खात्याच्या नावाखाली येणाऱ्या या दोन-तीन ओळींना व्यवहारात ‘बायो’ म्हणतात. मालमोटारींच्या मागे रंगवलेल्या ओळी आपण वाचतोच. थोडक्या जागेत स्वतःविषयी सांगण्याची हौस वाहनांच्या जगाला नवी नाही. मात्र अल्पपरिचय वाचून अनोळखी माणूस आपल्याशी जोडून घ्यायचे की नाही हे ठरवतो. म्हणून त्यातील प्रत्येक शब्दाची जबाबदारी लेखकावर येते.

मर्यादा आणि देवनागरी

इन्स्टाग्रामवर अल्पपरिचयासाठी १५० चिन्हांची मर्यादा आहे. येथे ‘चिन्ह’ म्हणजे अक्षर नव्हे, हे लक्षात घ्या. युनिकोड पद्धतीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘गोंदिया’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो; युनिकोडनुसार त्यात सात चिन्हे आहेत. जोडाक्षरे अधिक जागा घेतात. त्यामुळे मराठीत लिहिताना शब्दांची निवड अधिक काटेकोरपणे करावी लागते.

दोन मसुदे

गोंदिया जिल्ह्यातील एक विद्यार्थी जुन्या गाड्यांविषयी खाते उघडतो आहे, असे समजू. त्याचा पहिला मसुदा असा :

‘गाडी हेच माझे जग. वेग हाच श्वास. रस्त्याचा राजा. जबरदस्त गाड्यांसाठी फॉलो करा.’

हा मजकूर कोणाच्याही खात्यावर चालेल. म्हणूनच तो याचा परिचय ठरत नाही. ‘जबरदस्त’ हे विशेषण कोणतीही माहिती देत नाही. वेगाची बढाई तर अंगाशी येऊ शकते : सार्वजनिक ठिकाणी परवानगीविना शर्यत लावणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार गुन्हा आहे. आता दुसरा मसुदा पाहा :

‘आमगाव, जि. गोंदिया. वडिलांची मारुती ८०० अजून चालती आहे. जुन्या गाड्यांची निगा, सुटे भाग, धानपट्ट्यातले रस्ते. दर रविवारी नवी नोंद.’

यात १३० चिन्हे आहेत. स्थळ, वाहन, विषय आणि वाचकाला दिलेले आश्वासन, हे चारही घटक त्यात आले. ‘मारुती ८००’ या विशेषनामात मोठा काळ सामावला आहे. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्या ग्राहकाच्या हाती आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्यामुळे ‘अजून चालती आहे’ एवढे म्हणताच जाणकाराला त्यामागची मेहनत कळते. ‘दर रविवारी’ हे वचन आहे. पाळता येणार नसेल तर ते गाळावे.

शौक आणि मालकी

तुमच्यापैकी अनेकांकडे स्वतःची गाडी नसेल. कोणी दुसऱ्याची गाडी चालवून घर चालवत असेल, कोणी गॅरेजमध्ये काम करत असेल. अशा वेळी मालकाच्या गाडीजवळ उभे राहून ‘माझी गाडी’ लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा. कारण एकदा हा शब्द खोटा ठरला, की पुढची खरी माहितीही वाचक संशयाने वाचतो. शिवाय त्यामुळे लेखकाचे खरे बळ झाकले जाते. पुढील मजकूर पाहा :

‘व्यवसायाने चालक. गाडी मालकाची, निगा माझी. देवरी ते रायपूर रस्त्याच्या नोंदी.’

राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून नित्य जाणाऱ्या माणसाचा अनुभव हौशी मालकाकडे असेलच असे नाही. मालकी कागदावर असते. जाण मात्र हाताला असते. परिचयात जी खरोखर आपली आहे, तीच गोष्ट सांगावी.

भाषा आणि सुरक्षितता

मराठी क्रियापद लिंग प्रकट करते : ‘चालवतो’, ‘चालवते’. ते उघड करायचे नसल्यास ‘निगा’, ‘नोंदी’ अशी नामे योजावीत. नामप्रधान रचनेमुळे जागाही वाचते.

वाहनप्रेमींना ‘एमएच-३५’ एवढ्यावरून गोंदिया कळते; बाहेरच्या वाचकासाठी जिल्ह्याचे नाव द्यावे. संपूर्ण नोंदणी क्रमांक व भ्रमणध्वनी क्रमांक लिहू नये. छोट्या गावात विशिष्ट गाडी म्हणजे घराचा पत्ताच असतो; म्हणून गावाऐवजी तालुक्याचे नाव पुरेसे आहे.

सारांश

चांगला अल्पपरिचय नेमका, खरा आणि पाळता येईल असा असतो. विशेषणांपेक्षा विशेषनामे व तपशील त्यात अधिक उपयोगी पडतात.

स्वयं-अध्ययन

१. तुमच्या आवडीच्या वाहनाविषयीच्या खात्यासाठी १५० चिन्हांच्या मर्यादेत अल्पपरिचय लिहा.
२. त्यातील प्रत्येक विधानापुढे ‘हे मी दाखवून देऊ शकतो/शकते का?’ हा प्रश्न लिहा. ज्याचे उत्तर ‘नाही’ येईल, ते विधान वगळून मजकूर पुन्हा लिहा.