मेहनत तर आहेच, पण पाठीशी कोण आहे?

निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "पोरगं हुशार निघालं, नशीब काढलं." जो नापास झाला किंवा गॅरेजमध्ये लागला, त्याच्याबद्दल म्हणतात, "त्याचं अभ्यासात मनच नव्हतं." पण गोष्ट खरंच इतकी सोपी आहे का?

आपल्या बुलढाण्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातले अन्सार शेख आठवा. वडील ऑटोरिक्षा चालवायचे, आई शेतात मजुरी करायची. २०१५ च्या यूपीएससी परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात, वयाच्या २१ व्या वर्षी त्यांनी ३६१ वा क्रमांक मिळवला. मेहनत त्यांचीच, यात वाद नाही. पण ते लहान असताना घरच्यांनी त्यांची शाळा सोडवायचं ठरवलं होतं. "मुलगा हुशार आहे, शिकू द्या," असं सांगून शिक्षकांनी वडिलांचं मन वळवलं. धाकट्या भावाने शाळा सोडून गॅरेजमध्ये काम केलं आणि घराला हातभार लावला.

आता यातून ते शिक्षक आणि तो भाऊ वजा करून बघा. डोकं तेच राहिलं असतं, पण पुढचा रस्ता तोच राहिला असता का? आणि एकाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याला शाळा सोडावी लागते, ही किंमत आपण मोजतो तरी का?

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडली होती. दर चारातलं एक मूल. ही सगळी मुलं काय आळशी होती?

हालात एका दिवसात बदलत नाहीत. पण तरबियत आपल्या हातात आहे. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात आहे. घरातल्या संस्कारांनी माणूस कसा घडतो, हे जिजाऊंच्या या गावाला वेगळं सांगायला नको. अम्मी-अब्बा स्वतः शिकलेले नसले तरी "आज शाळेत काय शिकवलं?" एवढं रोज विचारू शकतात. संध्याकाळी तासभर टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवू शकतात.

सोबत थोडी माहितीही हवी. आठवीत एनएमएमएस परीक्षा होते. सरकारी, जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या आणि ज्यांच्या पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत आहे, अशा मुलांना ती देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. सातवीतच मुख्याध्यापकांना भेटा, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवा. शाळा लांब आहे म्हणून मुलीला घरी बसवू नका. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो.

पुढच्या वेळी एखाद्या मुलाला "नशीब फुटकं" म्हणण्याआधी स्वतःला एक सवाल करा. त्याची शाळा सुटत होती, तेव्हा त्याच्या दारात जाऊन "शिकू द्या" म्हणणारं आपल्यातलं कोणी होतं का?